ती कापलेली ओळ : संपादकांना खुले पत्र

सर्व वृत्तपत्रांच्या, वृत्तवाहिन्यांच्या आणि वृत्तसंस्थांच्या संपादकांस,

स. न. वि. वि.

मी सतरा वर्षे अर्थपानाच्या डेस्कवर काढली. बातमी आणणारा मी नव्हतो. आलेली बातमी कापायची, जोडायची, मथळा द्यायचा आणि रात्री पान सोडायचे, हे माझे काम. त्यामुळे माझ्या हातून जे बरेवाईट झाले त्याखाली माझे नाव कधी छापून आले नाही. त्यातले एक आज सांगतो.

एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने नवे उत्पादन आणले होते. आमच्या बातमीदाराने चांगली कॉपी दिली. चौथ्या परिच्छेदात एका तंत्रज्ञान विश्लेषकाचे म्हणणे होते : या उत्पादनाने बाजाराचे चित्र पालटेल, स्पर्धकांना ते गाठायला दोन वर्षे तरी लागतील. त्याला लागून बातमीदाराने एक वाक्य घातले होते : ‘ही कंपनी त्यांच्या संस्थेची ग्राहक आहे.’ पान सुटायला बारा मिनिटे होती आणि मजकूर दोन ओळींनी जास्त होत होता. काय काढले तर बातमी कोसळणार नाही, हे शोधत मी खालून वर वाचत गेलो. ते वाक्य सापडले, काढले. पुढच्या परिच्छेदातला एक ‘दरम्यान’ काढला. मजकूर बसला, पान गेले. विश्लेषकाच्या नावाआधीचे ‘ख्यातनाम’ मात्र मी तसेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी बातमीदार माझ्या टेबलाशी आला. भांडला नाही. एवढेच म्हणाला, “त्या एका वाक्यासाठी मी त्यांना तीनदा फोन केला होता.”

पुढे जाण्याआधी माझाही हिशेब मांडतो. डेस्क सोडल्यावर सव्वा वर्ष मी सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीसाठी माहितीपत्रके लिहिली, रीतसर मोबदला घेऊन. आज या धंद्यातल्या कुणाकडूनही मला काही मिळत नाही. पण या पत्रातले काही मी त्या खुर्चीत बसून पाहिलेले आहे.

तिथे एक एक्सेल शीट होते. पहिल्या रकान्यात विश्लेषकांची नावे, दुसऱ्यात त्यांचा विषय, तिसऱ्यात त्यांच्या संस्थेशी असलेला करार कधी संपतो ती तारीख. पुढे ‘पत्रकारांशी बोलतात का’ असा रकाना, आणि शेवटी नुसता रंग : हिरवा, पिवळा, लाल. हिरवा म्हणजे आमच्याबद्दल बरे बोलणारा. एखादी घोषणा व्हायची तेव्हा पत्रकारांना जाणाऱ्या मेलच्या तळाशी हिरव्यातली तीन नावे फोन नंबरांसह टाकली जात. वर ओळ असे : ‘स्वतंत्र मत हवे असल्यास.’ त्या विश्लेषकांना आठवडाभर आधीच उत्पादन दाखवलेले असे, शंका फेडलेल्या असत. मग संध्याकाळी पत्रकाराचा फोन गेला की पलीकडचा माणूस तयारच.

यात कुणीही खोटे बोलत नव्हते, हे मुद्दाम सांगतो. मला भेटलेले बहुतेक विश्लेषक हुशार होते, अभ्यासू होते, आणि जे बोलत ते त्यांना खरेच वाटत असे. पाकीट घेऊन कौतुक करणारा माणूस मी एकही पाहिला नाही. पाकिटाची गरजच नसते. ज्याच्याकडून वर्षभराचे काम मिळते, ज्याच्या परिषदेत भाषण करायला बोलावणे येते, ज्याच्या वरिष्ठांशी अधूनमधून जेवण होते, त्याची बाजू आपोआप जास्त नीट समजते. मीच ती माहितीपत्रके लिहिताना तिसऱ्या महिन्यात ‘आपले उत्पादन’ म्हणायला लागलो होतो.

आता हा धंदा चालतो कसा, हे वाचकाला ठाऊक नसते, आणि खरे सांगायचे तर आपल्यातल्या अनेकांनाही नसते. तंत्रज्ञानाच्या बाजाराचा अभ्यास करून अहवाल आणि सल्ला विकणाऱ्या मोठ्या संस्थांपैकी आयडीसी १९६४ मध्ये निघाली, गार्टनर १९७९ मध्ये, फॉरेस्टर १९८३ मध्ये. अशा संस्था दोन्ही बाजूंकडून पैसे घेतात. तंत्रज्ञान विकत घेणाऱ्या कंपन्या त्यांचे अहवाल आणि सल्ला घेण्यासाठी वर्गणी भरतात, आणि विकणाऱ्या कंपन्याही भरतात. विकणारे शिवाय सल्ल्याचे दिवस विकत घेतात, विश्लेषकाला आपल्या व्यासपीठावर बोलावतात, स्वतः पैसे देऊन अभ्यास करवून घेतात, आणि एखाद्या अहवालात आपले नाव वर आले की तो वाटण्याचे हक्क वेगळे पैसे मोजून घेतात. हे सगळे उघड आहे, कायदेशीर आहे, संस्थांच्या वार्षिक अहवालांत दिसते. मोठ्या संस्थांत विक्री विभाग आणि विश्लेषक यांच्यात भिंत असते, तक्रार ऐकायला माणूस असतो. आयडीसीची गोष्ट तर आणखी मजेची. १९६७ साली ‘कॉम्प्युटरवर्ल्ड’ सुरू झाले, आणि पुढे ‘पीसी वर्ल्ड’, ‘मॅकवर्ल्ड’ आली, ती सगळी आयडीसीच्याच घरातली. संशोधन आणि बातमी एकाच छताखाली.

खरी अडचण मोठ्या संस्थांपेक्षा एकट्यादुकट्यांची. भारदस्त नावाची ‘ग्रुप’ किंवा ‘रिसर्च’ संस्था, तिच्यात एक माणूस, त्याचे चार ग्राहक. त्यातला एक गेला तर वर्षाचे गणित कोलमडते. अशा माणसाला आपण कंपनीबद्दल विचारतो आणि त्याचे उत्तर ‘उद्योग विश्लेषक’ या बिरुदाखाली छापतो. ती कंपनी त्या चारांतली आहे का, हे विचारत नाही.

का विचारत नाही? कारण तो फोन उचलतो. संध्याकाळी साडेपाचला, पहिल्या घंटीला. वीस शब्दांत नेमके वाक्य देतो, जे इंट्रोखाली जसेच्या तसे बसते. याउलट ते उत्पादन रोज वापरणारा, त्यावर रात्री-अपरात्री डोके फोडणारा सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर काही बोलू शकत नाही; त्याला आधी स्वतःच्या कंपनीच्या जनसंपर्क खात्याची परवानगी लागते, आणि ती परवा मिळते. डेडलाइन परवाची नसते. म्हणून ज्याला सर्वांत जास्त माहीत आहे तो गप्प, आणि ज्याला बोलण्यात रस आहे तो तज्ज्ञ. आपण त्याला एक पैसाही देत नाही, म्हणून आपले हात स्वच्छ आहेत असे आपल्याला वाटते. पण छापील नाव हेच त्याचे भांडवल असते. ज्याचे नाव जास्त छापून येते त्याला ग्राहक जास्त मिळतात, आणि ज्याला ग्राहक जास्त त्याच्याकडे आतली माहिती जास्त, म्हणून आपण पुन्हा त्यालाच फोन करतो.

हे सगळे आजचे नाही. २००२ च्या डिसेंबरात आयडीसीचा एक अभ्यास गाजला होता : सर्व्हरवर मायक्रोसॉफ्टची विंडोज २००० ही प्रणाली स्वस्त पडते की लिनक्स ही खुली प्रणाली. पाच प्रकारच्या कामांपैकी चारांत विंडोज स्वस्त ठरले, फक्त वेब सर्व्हरच्या कामात लिनक्स. अभ्यासाचे पैसे मायक्रोसॉफ्टने दिले होते, आणि ते लपवलेले नव्हते. पण असा निष्कर्ष बातमीत येतो, बातमीतून दुसऱ्या बातमीत, तिथून कुणाच्या तरी सादरीकरणात, आणि प्रत्येक टप्प्यावर आकडा टिकतो, ‘पैसे कुणी दिले’ हे गळते. माझ्यासारख्या कुणीतरी बारा मिनिटे उरली असताना ते गाळलेले असते. पुढच्याच वर्षी, २००३ च्या सप्टेंबरात, फॉरेस्टरच्या गीगा या शाखेने असाच मायक्रोसॉफ्टच्या पैशाने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला आणि एवढी टीका झाली की फॉरेस्टरने जाहीर केले : कंपनीने पैसे दिलेली आणि जाहिरातीसाठी वापरली जाणारी उत्पादनांची तुलना आम्ही यापुढे करणार नाही. एका संस्थेने आपणहून आपले धोरण बदलले, हे तिच्या श्रेयाचे. वृत्तपत्रांनी त्या वेळी आपले काही धोरण बदलल्याचे मला आठवत नाही. आमच्या डेस्कने तरी नाहीच.

खुले पत्र लिहितो आहे म्हणून एका खुल्या पत्राची गोष्ट सांगायलाच हवी. १९९९ च्या जूनमध्ये, मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला चालू असताना, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ यांत पानभर जाहिरात आली. २४० प्राध्यापक-अर्थतज्ज्ञांच्या सह्यांचे पत्र : सरकारने असे खटले भरू नयेत, त्यात ग्राहकाचे हित नाही. ती इंडिपेंडंट इन्स्टिट्यूट नावाच्या अभ्याससंस्थेने दिली होती. सप्टेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेच बातमी दिली की जाहिरातीचे बिल, सुमारे दीड लाख डॉलर, मायक्रोसॉफ्टने भरले होते. सह्या करणाऱ्यांपैकी काहींनाही ते माहीत नव्हते. आता गंमत अशी की त्या पत्रातला युक्तिवाद बरोबर होता की चूक, हा प्रश्न त्या बिलामुळे सुटत नाही. तो युक्तिवाद आजही कुणी प्रामाणिकपणे करू शकेल. पण जून ते सप्टेंबर जे कुणी ते पत्र वाचत होते त्यांना वाटत होते की २४० माणसे आपापल्या खोलीत बसून स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला आली.

२०१२ मध्ये ओरॅकल विरुद्ध गूगल खटल्यात न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी दोन्ही कंपन्यांना हुकूम केला : या खटल्याबद्दल लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या ज्या कुणाला तुम्ही पैसे देता त्यांची नावे द्या. पहिल्या उत्तराने समाधान झाले नाही तेव्हा गूगलला पुन्हा सांगितले. न्यायाधीशाला हे विचारावेसे वाटले. ज्या संपादकांनी तीच मते महिनोन्महिने छापली, त्यांना का वाटले नव्हते?

शेअर बाजाराच्या विश्लेषकांना आपण वेगळे वागवतो, आणि त्यामागे एक ठेच आहे. डॉट-कॉमच्या, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरच्या तेजीत मेरिल लिंच या अमेरिकी वित्तसंस्थेचा हेन्री ब्लॉजेट हा इंटरनेट कंपन्यांचा सर्वांत गाजलेला विश्लेषक. इन्फोस्पेस नावाच्या कंपनीला त्याने जाहीरपणे वरचा दर्जा दिला होता आणि खासगी ईमेलमध्ये तिलाच ‘दारूगोळ्याचे कोठार’ म्हटले होते. न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी ते ईमेल बाहेर काढले. २००२ च्या मे महिन्यात मेरिल लिंचने १० कोटी डॉलर भरले. २००३ च्या एप्रिलमध्ये दहा मोठ्या वित्तसंस्थांनी मिळून सुमारे १४० कोटी डॉलरची तडजोड केली. ब्लॉजेटला ४० लाख डॉलर आणि रोखे व्यवसायातून कायमची बंदी. आरोप त्याने कबूल केले नाहीत, नाकारलेही नाहीत. (पुढे त्याने बिझनेस इनसायडर हे बातम्यांचे संकेतस्थळ काढले. म्हणजे तोही शेवटी आपल्याच पंगतीत येऊन बसला.) तेव्हापासून अमेरिकेत शेअरवर बोलणाऱ्या विश्लेषकाला जाहीर बोलतानाही आपले आणि आपल्या संस्थेचे हितसंबंध सांगावे लागतात.

एखाद्या चिप कंपनीचा शेअर घ्या म्हणणाऱ्याला हा नियम लागतो. त्याच कंपनीची चिप घ्या म्हणणाऱ्याला लागत नाही. वाचकाच्या खिशातून दोन्हीकडे पैसेच जातात.

याला एक उत्तर ठरलेले असते, आणि ते फसवे नाही म्हणून त्यावर थोडे थांबतो. विश्लेषक म्हणतात, आम्ही मत विकत नाही, वेळ विकतो. आणि आमचे ग्राहक एकमेकांचे स्पर्धक असतात, तेव्हा कुणा एकाची बाजू घेऊन आमचे चालणारच नाही. मोठ्या संस्थांपुरते यात बरेच तथ्य आहे. झेडएल टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीने २००९ मध्ये गार्टनरवर दावा लावला : तुमच्या ‘मॅजिक क्वाड्रंट’मध्ये (कंपन्यांना चार चौकोनांत बसवणाऱ्या आलेखात) आम्हाला खालच्या चौकोनात टाकून तुम्ही आमची बदनामी केली. नेटस्काउटने २०१४ मध्ये तसाच दावा केला, आणि पैसे देणाऱ्यांना चांगली जागा मिळते असा आरोपही केला. दोन्ही दावे गार्टनरने जिंकले. नेटस्काउटचा निकाल कनेटिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. पण गार्टनरचा बचाव काय होता ते पाहा. हा आलेख म्हणजे आमचे मत आहे, तपासून खरेखोटे ठरवता येईल असे तथ्यविधान नव्हे. न्यायालयांनी ते मान्य केले. कायद्याच्या दृष्टीने ठीकच आहे. मग आपल्या बातमीत ‘गार्टनरनुसार अमुक कंपनी आघाडीवर’ हे तथ्य म्हणून कसे येते?

चुकलेला अंदाज म्हणजे विकला गेलेला अंदाज, असेही मी म्हणत नाही. २०११ मध्ये आयडीसी आणि गार्टनर दोघांनीही सांगितले होते की २०१५ पर्यंत स्मार्टफोनच्या बाजारात विंडोज फोनचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास असेल. २०१५ उजाडले तेव्हा तो दोन-तीन टक्के होता. यात काळेबेरे असायची गरज नाही, भविष्य चुकतेच. मात्र त्या अंदाजाच्या बातम्या पहिल्या पानावर होत्या आणि तो फसल्याची बातमी शोधावी लागते, हा दोष आपल्या पानांचा.

आणि नुसते जाहीर केले की झाले, असेही नाही. डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि डॉन मूर यांचा २००५ चा एक प्रयोग आहे. नाण्यांनी भरलेली बरणी. एकाने ती लांबून, थोडा वेळ पाहायची आणि आत किती पैसे आहेत ते सांगायचे. दुसरा सल्लागार, त्याने जवळून पाहिलेली. काही जोड्यांत सल्लागाराला अट अशी की समोरचा जितका जास्त आकडा सांगेल तितके तुला जास्त मिळेल. ही अट समोरच्याला सांगून टाकली तेव्हा काय व्हावे? सल्लागारांनी आकडा आणखी फुगवला. जणू एकदा सांगून टाकले, आता मोकळे. आणि ऐकणाऱ्यांनी सल्ल्यातून थोडेफार वजा केले, पण पुरेसे केले नाही.

उलटही घडते. गूगलने पोसलेल्या संशोधनाची यादी २०१७ मध्ये एका मोहिमेने काढली : ३२९ शोधनिबंध, आणि त्यांतल्या बहुतेकांत गूगलच्या पैशाचा उल्लेख नाही असा दावा. काम उपयोगी होते. पण त्या मोहिमेलाच ओरॅकलचे पैसे होते, म्हणजे गूगलशी कोर्टात भांडणाऱ्या कंपनीचे. हे दोन्ही एकाच बातमीत आले तरच वाचकाला काहीतरी कळते. हितसंबंध फक्त नावडत्या माणसाचे विचारायचे, ही सवय आपल्याला लवकर लागते.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही, आणि ती विश्लेषकांकडे नाहीच. ती तुमच्याकडे आहे. उद्यापासून तुमच्या बातमीदाराने फोनवर पहिला प्रश्न हा विचारावा : ज्या कंपनीबद्दल बोलतो आहोत ती, किंवा तिची स्पर्धक, गेल्या तीन वर्षांत तुमची किंवा तुमच्या संस्थेची ग्राहक होती का? तीन वर्षे मी हवेतून आणलेली नाहीत. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २०१२ च्या जानेवारीत आपल्या नियतकालिकांसाठी नियम केला, त्यातली मुदत तेवढीच आहे : तीन वर्षांत एकूण १० हजार डॉलर किंवा जास्त मिळाले असतील तर लेखकाने सांगायचे. वृत्तपत्रातला लेख असो वा वाहिनीवरची चर्चा, तिथेही हीच रीत पाळा, असे आवाहन त्या संस्थेने आपल्या सदस्यांना केले. अर्थतज्ज्ञांना हे जमते.

उत्तर ‘हो’ असेल तर ते छापा, त्याच वाक्यात छापा. तळाच्या चौकटीत नको, वाहिनीवर पळत्या पट्टीत नको. उत्तर ‘सांगता येत नाही, गोपनीयतेचा करार आहे’ असे आले तर तसेच छापा; माझ्या अनुभवात तेवढे ऐकूनच पुष्कळ लोक आठवून पाहतो म्हणतात आणि मग सांगतात. आणि उत्तर अजिबात नसेल तर ते म्हणणे छापू नका. खरेच सांगतो, बातमीचे काही बिघडत नाही. मी सतरा वर्षांत अशी हजारो म्हणणी कापली असतील, एकाही वाचकाचे पत्र आले नाही.

तो वापरणारा माणूस, परवा परवानगी मिळणारा, त्याच्यासाठी मात्र एखादी बातमी परवापर्यंत थांबवा. प्रत्येक नाही. घोषणेच्या दिवशी घोषणा द्या, कंपनी काय म्हणते ते कंपनीच्या तोंडी द्या, आणि उत्पादन बरे की वाईट हे सहा महिन्यांनी त्याला विचारा. वृत्तसंस्थांच्या संपादकांना वेगळे सांगायला हवे, कारण तुमची एक कॉपी शेकडो डेस्कवर पडते आणि प्रत्येक डेस्कवर एक कापणारा बसलेला असतो. हितसंबंधाचे वाक्य स्वतंत्र ठेवलेत तर तो ते कापेल. विश्लेषकाच्या नावालाच जोडा, म्हणजे नाव ठेवायचे तर तेही ठेवावे लागेल.

जागा कुठून आणायची, हे डेस्कवरून ओरडून विचारले जाईलच; मीही विचारले असते. त्या रात्रीची कॉपी मी परवा कात्रणांतून काढून पाहिली. कापलेले वाक्य सहा शब्दांचे होते. ‘ख्यातनाम तंत्रज्ञान विश्लेषक’ हे तीन शब्द त्या बातमीत दोनदा आले आहेत.

आपला,
अर्थपानाच्या डेस्कवरचा एक जुना उपसंपादक